माणूस आणि संगणक यांच्यातल्या संवादाच्या तऱ्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवशिक्यांना सॉफ्टवेअर शिकवणं आणि लोकांच्या हाती जाण्याआधी ते तपासून बघणं, अशी दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतोय. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम असा काही नाही. हवा तो प्रश्न वाचा.

संवादाची तऱ्हा म्हणजे नेमकं काय? दिसणं-बिसणं का?

नाही. रंग, फॉन्ट, गोल कोपऱ्यांची बटणं हा पेहराव झाला. आपल्याला काय हवंय ते यंत्राला कोणत्या मार्गाने कळवायचं आणि यंत्राने उत्तर कसं द्यायचं, ही तऱ्हा.

साधं काम घ्या, एक फाइल पुसायची. कमांड, म्हणजे ठरलेल्या शब्दांतला लेखी हुकूम, लिहून पुसता येते. राइट क्लिक करून मेनूतून पुसता येते. माऊसने उचलून कचरापेटीत टाकता येते. हल्ली ‘ती जुनी फाइल काढून टाक’ असं तोंडाने सांगूनही भागतं. काम एकच, पण कमांड लिहिताना सगळं तुमच्या डोक्यात असावं लागतं, मेनूत ते पडद्यावर असतं. कचरापेटीतली फाइल परत काढता येते, कमांडने पुसलेली बहुधा गेलीच. लक्षात कुणी ठेवायचं आणि चुकीचा भुर्दंड कुणी भरायचा, हे दोन प्रश्न प्रत्येक तऱ्हेला विचारत जा. माझ्या मते या विषयातलं निम्म्याहून जास्त त्यातच आलं.

अशा तऱ्हा आहेत तरी किती?

बेन श्नायडरमन या अमेरिकी संशोधकाची पाच प्रकारांची विभागणी सगळीकडे शिकवली जाते: मेनूतून निवडणं, फॉर्म भरणं, कमांड लिहिणं, साध्या भाषेत सांगणं आणि थेट हाताळणी. स्पर्श, आवाज, हातवारे यांना काही जण वेगळ्या तऱ्हा मानतात. मी मानत नाही. बोटाने बटण दाबलं काय आणि माऊसने दाबलं काय, निवड मेनूतूनच झाली. बदलली ती वाट.

शिवाय एखादा प्रोग्राम एकाच तऱ्हेवर चालतो असं सहसा होत नाही. तुमची ईमेल उघडून बघा. डावीकडची फोल्डरांची यादी हा मेनू. पत्ता आणि विषय लिहायच्या चौकटी हा फॉर्म. मेल उचलून फोल्डरमध्ये टाकली की थेट हाताळणी. आणि शोधायच्या चौकटीत ‘फ्रॉम’ लिहून कोलन देऊन नाव टाकलंत, तर तुम्ही नकळत कमांड लिहिलीत.

सुरुवातीला लोक संगणकाशी कसे बोलायचे?

बोलायचे कुठे, अर्ज करायचे. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तयार करायचा, तो संगणक चालवणाऱ्याच्या हवाली करायचा आणि छापील निकालाची वाट बघायची. एका कार्डावर ८० रकाने असत. एक स्वल्पविराम चुकला तर निकालाऐवजी चुकीची नोंद हाती यायची, मग पुन्हा रांग. १९६१ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात फर्नांदो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटणारी व्यवस्था चालवून दाखवली. प्रश्न टाकला की लगेच उत्तर, ही गोष्ट तिथून पुढे हळूहळू सवयीची झाली.

काळ्या पडद्यावर कमांड लिहिणं इतकं जुनाट, तरी ते अजून टिकलंय कसं?

जुनाट म्हणणाऱ्याला मी एक काम देतो. फोल्डरमध्ये ४०० फोटो आहेत, प्रत्येकाच्या नावाआधी तारीख लावून दाखव. माऊसवाला नवव्या-दहाव्या फोटोला कंटाळतो. कमांडवाला एक ओळ लिहितो, दोनदा वाचतो, एंटर दाबतो आणि चहाला जातो. शिवाय ती ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, पुढच्या महिन्यात तशीच चालवता येते. माऊसच्या दहा क्लिका अशा कुणाला पाठवणार?

यातली खरी ताकद जोडणीत आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७३ च्या सुमारास डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून ‘पाइप’ आला: एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या तोंडी. छोट्या छोट्या कमांडी जोडून मोठं काम उरकायचं, ही पद्धत पन्नास वर्षांनंतरही मोडीत निघालेली नाही.

कमांडींची नावं मात्र तुटक आहेत हे कबूल. एलएस म्हणजे यादी दाखव, सीपी म्हणजे नक्कल कर, आरएम म्हणजे पूस. त्या काळच्या टेलिटाइप, म्हणजे उत्तर कागदावर छापणाऱ्या टाइपरायटरसारख्या यंत्रांच्या कळा जड होत्या, आणि प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं. तिथे लांब नावं कुणाला परवडणार?

मग ते शिकायला इतकं अवघड का जातं?

कारण आठवणं अवघड आणि ओळखणं सोपं. एखाद्याचं नाव आठवता आठवत नाही, पण चार नावं समोर ठेवली तर लगेच बोट ठेवता येतं, तसंच हे. रिकाम्या ओळीवर लुकलुकणारा कर्सर तुम्हाला एकही नाव सुचवत नाही.

दुसरं म्हणजे कमांड तुमचा शब्द शब्दशः धरते. आरएम ही पुसायची कमांड एरवी ‘नक्की ना?’ असं विचारत बसत नाही.

माझा स्वतःचा अनुभव वेगळ्याच दिशेने आला. एकदा टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या त्या काळ्या खिडकीत, तीन तास माहिती हलवायचं काम चालू होतं. मध्येच इशाऱ्याची एक ओळ आली. सहकाऱ्याला पाठवावी म्हणून मी ती निवडली आणि हाताच्या सवयीने कंट्रोल-सी दाबलं. काम जागच्या जागी थांबलं. खिडक्यांच्या दुनियेत कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, टर्मिनलमध्ये म्हणजे ‘थांब’. हा दुसरा अर्थ वयाने मोठा आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? तसंच कंट्रोल-एस. सेव्ह करायला म्हणून दाबलं की कित्येक टर्मिनल गोठल्यासारखी होतात आणि माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. कंट्रोल-क्यू दाबलं की ती पुन्हा वाहू लागतात. मॅकवर कॉपी-पेस्टसाठी वेगळी कमांड कळ असल्याने तिथली मंडळी या भानगडीतून वाचली.

माऊस आणि खिडक्या आणल्या कुणी?

एकाच माणसाचं नाव घेतलं तर इतरांवर अन्याय होईल. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत स्केचपॅड हा चित्र काढायचा प्रोग्राम केला. त्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघ ओढता यायची आणि ती रबरासारखी ताणता यायची. लाकडी ठोकळ्यातला पहिला माऊस १९६४ चा. कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची, बनवला बिल इंग्लिश यांनी. ९ डिसेंबर १९६८ ला एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माऊस, दुव्यांवरून उड्या मारत वाचायचा मजकूर, दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम, हे सगळं त्या एका बैठकीत होतं. पुढे माऊस-खिडक्यांचे संगणक आले: झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ मध्ये आल्टो, १९८१ मध्ये बाजारात स्टार, १९८३ मध्ये ॲपलचा लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश.

थेट हाताळणी हा शब्द सारखा ऐकतो. म्हणजे काय?

हा शब्द श्नायडरमन यांनीच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. वस्तू सतत डोळ्यांसमोर हवी, तिच्यावरची क्रिया शब्दांऐवजी हाताने व्हावी, परिणाम लगेच दिसावा आणि केलेलं मागे घेता यावं.

फोटो कापताना बघा. कोपरा धरून आत ओढताय, कडा बोटाबरोबर सरकतेय, जरा जास्त आत गेली म्हणून तुम्ही परत बाहेर घेताय. या दोन सेकंदांत तुम्ही पाच-सहा वेळा चुकलात आणि पाच-सहा वेळा सुधारलंत, पण चूक झाली असं एकदाही वाटलं नाही. हेच काम ‘डावीकडून ११२ पिक्सेल काप’ असं लिहून करायचं असतं तर प्रत्येक अंदाज ही एक चूक ठरली असती.

पण उपमा ताणली की फसते. सुरुवातीच्या मॅकिंटॉशवर फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र उचलून कचरापेटीवर न्यायचं असे. आत आपलं काम भरलेली फ्लॉपी कचऱ्यात टाकायची! नव्या माणसाचा हात तिथे अडखळायचाच, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय नसावेत, हे खरं का?

नाही, आणि हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो ‘सात, दोन इकडे-तिकडे’ वाला लेख तात्पुरत्या स्मरणाबद्दल होता. मेनू लक्षात ठेवायचा नसतोच, तो समोर लिहिलेला असतो. नीट गट पाडलेले वीस पर्याय डोळा सहज चाळतो. उलट सातच्या हट्टापायी एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा मेनू कोंबला की माणूस वाट चुकतो.

सात ही मर्यादा जाचते ती फोनवरच्या बोलक्या मेनूत. ‘अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा.’ तिथे पर्याय कानावरून वाहून जातात आणि सहावा ऐकेपर्यंत दुसरा विसरलेला असतो. तिथे सातही जास्तच.

आणखी एक. ‘तुम्ही हे जास्त वापरता’ म्हणून आपणहून क्रम बदलणारे मेनू मला अजिबात पटत नाहीत. हाताला जागा पाठ झालेली असते. शहाणपणा दाखवायच्या नादात यंत्र ती पुसून टाकतं.

ऑनलाइन फॉर्म भरताना इतकी चिडचिड का होते?

यंत्राचं काम माणसावर ढकललेलं असतं म्हणून. फोन नंबर लिहिताना मध्ये मोकळी जागा सोडली की लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’. ती जागा गाळणं प्रोग्रामला एका ओळीचं काम आहे. तारखेची चौकट ०३/०४ वर काही बोलत नाही, पण ती तीन एप्रिल धरते की चार मार्च हे सांगतही नाही. आडनाव सक्तीचं असतं, मग जगात ज्यांना आडनावच नाही ते लोक तिथे टिंब टाकून पुढे सरकतात.

मी एकदा तीन पानांचा अर्ज भरत होतो. तिसऱ्या पानावर एक क्रमांक शोधायला कपाटापर्यंत उठून गेलो. परत येऊन ‘पुढे’ दाबलं तर ‘आपलं सत्र संपलं आहे’. तिन्ही पानं कोरी. सत्र सुरक्षेसाठी संपवलं हे मान्य. पण भरलेला मजकूर टाकून द्या असं सुरक्षेने सांगितलेलं नाही.

चांगला फॉर्म ओळखायची खूण: चूक जिथे झाली तिथेच, त्याच चौकटीखाली, काय करायचं ते सांगतो आणि बाकीच्या चौकटींना हात लावत नाही.

‘मोड’ म्हणजे काय? आणि काही लोक मोडवर एवढे खार खाऊन का असतात?

तीच कळ, पण कधी एक अर्थ तर कधी दुसरा, याला मोड म्हणतात. कॅप्सलॉक चालू असताना पासवर्ड टाकून बघितलाय ना? तेच. कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांतले लॅरी टेस्लर तर मोडच्या इतके विरोधात होते की त्यांच्या गाडीची नंबरप्लेटच ‘नो मोड्स’ अशी होती.

दुसऱ्या टोकाला बिल जॉय यांचा १९७६ चा व्हीआय हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात अक्षरं लिहायचा मोड वेगळा आणि हुकूम द्यायचा वेगळा. हुकमाच्या मोडमध्ये एच, जे, के, एल या कळा बाणांचं काम करतात, कारण जॉय ज्या टर्मिनलवर (तेव्हा ते पडदा आणि कीबोर्डचं यंत्रच असे) काम करत त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. टेस्लर यांचं म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं. रोज व्हीआय वापरतो, हेही खरं.

कीबोर्ड शॉर्टकटने खरंच वेळ वाचतो का?

हिशेबच करू. कार्ड, मोरन आणि नेवेल या तीन संशोधकांनी १९८० मध्ये अशा हिशेबासाठी ठोकताळे दिले: हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद, माऊसने नेम धरायला सरासरी १.१, क्लिक करायला ०.२. निवडलेला शब्द ठळक करायचाय. माऊसने हात जाणं, नेम, क्लिक आणि हात परत येणं मिळून २.१ सेकंद. कंट्रोल-बी म्हणजे दोन कळा, साधारण टंकणाऱ्याला ०.५६ सेकंद. दीड सेकंदाचा फायदा. काय करायचं ते मनात ठरवायला दोन्हीकडे १.३५ सेकंद लागतातच, ते कुणालाच चुकत नाहीत.

म्हणजे दिवसातून चाळीसदा करत असाल तर एक मिनिट वाचलं. शॉर्टकट आठवायला थांबावं लागत असेल तर तेही गेलं. जे रोज लागतात ते पाच-सहा पाठ करा, बाकीचे सोडून द्या.

टचस्क्रीन आल्यावर माऊसची गरज उरली का?

उरली. माऊसच्या टोकाला एका पिक्सेलचा नेम धरता येतो. बोट जाड असतं आणि ज्यावर टेकवायचं तेच झाकून टाकतं. म्हणून वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं असावं असं म्हटलंय, आणि तेही माझ्या मते कंजूषपणाचंच आहे.

दुसरी हानी कमी जाणवते. माऊस नुसता वर नेऊन ‘हे काय आहे?’ असं विचारता येतं, बोटाला ती सोय नाही. राइट क्लिकही नाही, म्हणून ‘दाबून धरा’, ‘दोन बोटांनी सरकवा’, ‘कडेवरून आत ओढा’ असे प्रकार आले. यातलं पडद्यावर काही लिहिलेलं नसतं, सगळं पाठ असावं लागतं. दिसायला आधुनिक, पण लक्षात ठेवायचं ओझं कमांडसारखंच.

आणि उभ्या पडद्यावर हात लांबवून तासभर काम करून बघा. खांदा भरून येतो. या दुखण्याला ‘गोरिला आर्म’ असं नावच पडलेलं आहे.

आवाजाने सांगितलं की झालं, मग बाकीचं कशाला?

हात पिठात असतील, नजर रस्त्यावर असेल, तर आवाजासारखं दुसरं काही नाही. अलार्म लावायला मीही तोंडानेच सांगतो. अडतं कुठे ते मराठीतच दाखवतो.

फोनवर अल्बम उघडलाय आणि तुम्ही म्हणालात, ‘सहलीचे फोटो काढ.’ आता यंत्राने काय करावं? फोटो शोधून समोर काढावेत, की अल्बममधून काढून टाकावेत? कॅमेरा उघडा असता तर ‘फोटो काढ’चा तिसराच अर्थ. ‘काढ’ एवढ्या एका शब्दावर आपण चित्रापासून पैशांपर्यंत सगळी कामं उरकतो आणि समोरचा माणूस कधी गोंधळत नाही, कारण तो प्रसंग बघत असतो. यंत्राला शंका आली तर त्याने मागे फिरता येईल तो अर्थ धरावा किंवा विचारावं. फोटो दाखवले आणि ते नको होते तर काही बिघडत नाही. पुसले तर बिघडलं.

यावर एक जुना सुंदर तोडगा आहे. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसून बोट दाखवत ‘ते तिथे ठेव’ असं सांगायची व्यवस्था दाखवली. ‘ते’ आणि ‘तिथे’चा अर्थ बोटाने द्यायचा, ‘ठेव’चा जिभेने. माणसं एकमेकांशी असंच बोलतात.

आता चॅटमध्ये साध्या भाषेत विचारता येतं. मेनू-फॉर्म संपणार का?

मला तसं वाटत नाही. जोसेफ वाइझेनबाउम यांचा एलायझा हा प्रोग्राम १९६६ चा. तो तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून यंत्राची समज कुठल्या कुठे गेली, हे निर्विवाद. पण समोरची चौकट रिकामीच आहे. इथे काय काय होऊ शकतं, ते ती सांगत नाही. म्हणजे कमांडच्या लुकलुकत्या कर्सरचीच ही थोरली बहीण, फक्त शुद्धलेखनाच्या चुका माफ करणारी. म्हणून तर चौकटीखाली ‘हे विचारून पाहा’ अशी बटणं येऊ लागली. तो मेनूच.

आणि काही गोष्टी सांगण्यापेक्षा करणं सोपं. फोटो ‘जरा गडद कर’, ‘नाही, एवढा नको’, ‘आधीच्यापेक्षा थोडा जास्त’. इथे सरकपट्टी अर्ध्या सेकंदात काम करते. उलट ‘या तीन अहवालांत कुठे विसंगती आहे?’ याला कुठला मेनू पुरणार? तिथे भाषाच हवी.

उत्तर यायला किती वेळ लागला तर चालतो?

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेले तीन आकडे अजून उपयोगी पडतात. ०.१ सेकंदापर्यंत लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते, १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे बघू लागतो. त्यापेक्षा जास्त लागणार असेल तर काम किती झालं ते दाखवा. ९९ टक्क्यांवर पाच मिनिटं उभी राहणारी पट्टी दाखवू नका.

ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात स्थिर राहत नाही, त्यांच्यासाठी कोणती तऱ्हा?

एकच अशी नाही. स्क्रीन रीडर हा प्रोग्राम पडद्यावरचं एकामागून एक मोठ्याने वाचतो. नुसत्या चित्राच्या बटणाला आत नाव दिलेलं नसेल तर ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘बटण, बटण, बटण’. डोळे मिटून एकदा स्वतःचं ॲप ऐका, मला आणखी काही सांगावं लागणार नाही. कमांडची दुनिया सगळी मजकुराचीच असल्याने तिथे उलट काही गोष्टी सोप्या पडतात. हात थरथरत असेल तर ओढून नेणं हीच शिक्षा, म्हणून ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय ठेवावा. वर सांगितलेल्या २०२३ च्या तत्त्वांत हेही आहे.

मी ॲप बनवतोय. कोणती तऱ्हा निवडू?

कोण वापरणार आणि किती वेळा, ते आधी सांगा. वर्षातून एकदा येणाऱ्याला पायरीपायरीचा फॉर्म द्या, त्याला काही आठवायला लावू नका. दिवसाला आठ तास त्यातच असणाऱ्याला तोच फॉर्म छळ वाटेल, त्याला शॉर्टकट हवेत. चूक महागात पडणारी असेल तर आधी ‘मागे घ्या’ बांधा, बाकीचं नंतर. ‘नक्की ना?’ विचारणाऱ्या खिडकीवर विसंबू नका. दुसऱ्या दिवसापासून लोक ती न वाचता ‘हो’ दाबतात, मीही दाबतो.

व्हीआय चुकून उघडला गेलाय. बाहेर कसं पडायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा दर वेळी जरा ओशाळलेला असतो. एस्केप दाबा. मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह, मग एंटर. केलेले बदल ठेवायचे असतील तर कोलननंतर डब्ल्यू आणि क्यू, मग एंटर. नाहीच जमलं तर एस्केप पुन्हा एकदा दाबा आणि कॅप्सलॉक चालू नाही ना, ते बघा.